रिकामा ठोका

"काळं दिसतंय म्हणून हात लावू नकोस."

घणाईचं हे वाक्य भट्टीवरच्या प्रत्येक माणसाने ऐकलेलं होतं, आणि बहुतेकांनी ते गाल चोळत ऐकलेलं होतं. लोखंड लाल असतं तोवर त्याच्या वाटेला कुणी जात नाही. पण लाली उतरली, वर काळपट कवच आलं, की ते साळसूदपणे कोपऱ्यात पडून राहतं, आणि कामाला नवा आलेला माणूस ते सहज उचलायला जातो. असा हात पुढे गेला की घणाई आधी थोबाडीत ठेवून द्यायची, मग हे वाक्य म्हणायची, आणि एवढं करूनही कुणी भाजलाच तर फळीवरची डबी काढून स्वतःच्या बोटाने मलम लावायची. "आधी चपराक, मग मलम," असं लोक तिच्याबद्दल म्हणत. हा क्रम कधी उलटा झाला नाही.

ती घण मारायची. पुरुषांना दोन्ही हातांनी जेमतेम उचलवेल असा घण ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्यावरून फिरवायची. तिला पहिल्यांदा पाहून कुणीतरी म्हणालं होतं, "ही कसली बाई, ही तर घणाई!" आणि मग तेच चिकटलं. खरं नाव तिला हाक मारायला कुणी वापरत नव्हतं, त्यामुळे तिलाही त्याची फारशी आठवण येत नसे.

लोहारकामाला दोन माणसं लागतात. एक जण सांडशीत लोखंड धरतो आणि छोट्या हातोडीने दाखवतो, इथे मार. दुसरा तिथे घण घालतो. भात्याच्या आणि लोखंडाच्या आवाजात तोंडाने बोलायची सोय नसते, म्हणून सगळं बोलणं हातोडीचं. हातोडी लोखंडावर पडली की तिच्या मागोमाग घण. आणि हातोडी लोखंड सोडून नुसत्या ऐरणीवर वाजली, टण्, तर तो रिकामा ठोका. रिकामा ठोका म्हणजे थांब. घण डोक्यावर गेलेला असला तरी थांब. घणाईचा घण थांबायचा. खाली यायला निघालेला घण ती अंगाला पीळ देऊन हवेतच अडवायची. भट्टीचे मालक पाहुणे आले की मुद्दाम मध्येच रिकामा ठोका देऊन दाखवायचे. "बघितलंत? माणूस शब्दाला थांबत नाही, ही ठोक्याला थांबते."

हे काम तिला नवऱ्याने शिकवलं होतं. त्यांची स्वतःची छोटी भट्टी होती. नवरा सांडशी धरायचा, ती घण मारायची. दिवसभर ती त्याच्या इशाऱ्यावर मारायची आणि संध्याकाळी तो कुणाच्याही इशाऱ्यावाचून तिला मारायचा. केस धरून भिंतीवर आपटायचा. एकदा दाराच्या अडसराने मारलं तेव्हा तिच्या मागच्या दोन दाढा गेल्या. त्या तिने स्वतःच केरात टाकल्या आणि कामाला लागली. शेजारणी म्हणायच्या, "अगं, तुझ्या दंडात एवढी ताकद, एक ठेवून का देत नाहीस?" तिला ते सुचतच नसे. तिच्या दंडांना इशाऱ्याची सवय होती.

एक दिवस नांगराचा फाळ न्यायला आलेल्या गिऱ्हाइकाने काहीतरी गंमत केली आणि ती हसली. गिऱ्हाईक गेल्यावर नवऱ्याने विस्तवात ठेवलेली सांडशी काढली, तिचा डावा हात गुडघ्याखाली दाबला आणि कोपराखाली सांडशीचं तापलेलं तोंड आडवं टेकवलं. कातडीचा वास दोघांच्याही ओळखीचा होता. त्या धंद्यात तो वास कधी ना कधी येतोच. पण एरवी तो, ओरडून हात काढून घेण्याआधी, क्षणभरच येतो. या वेळी तो बराच वेळ आला.

सांडशीच्या तोंडाला दोन पाकळ्या असतात. तिच्या हातावर दोन रेघा उठल्या, शेजारी शेजारी, एकमेकींना न भेटणाऱ्या.

जखम खपली धरायच्या आधीच ती घणाला उभी राहिली. नवऱ्याने लोखंड ऐरणीवर ठेवलं, हातोडीने जागा दाखवली. तिने घण उचलला आणि त्या जागेवर न घालता त्याच्या सांडशी धरलेल्या मुठीशेजारी घातला, इतका जवळ की त्याच्या अंगठ्याचं नख हादऱ्याने निळं पडलं. ऐरण बराच वेळ गुणगुणत राहिली.

"आज चुकवला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी चुकणार नाही."

संध्याकाळपर्यंत नवरा भाता आणि अंथरूण घेऊन निघून गेला. तो कुठे गेला हे तिने विचारलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या दंडांना एक नवी गोष्ट कळली, की इशारा नसतानाही मारता येतं. मग ती शहरात आली, मोठ्या भट्टीवर लागली. बाजारात एक जण बायकोला लाथा घालत होता, त्याच्या गळ्याजवळचं हाड तिने एका गुद्द्यात मोडलं. चौकीत फौजदार म्हणाला, "बाई, नवरा-बायकोच्या भांडणात तुमचा काय संबंध?" ती म्हणाली, "मला संबंध विचारता, त्याला विचारलात का?" दोन दिवस आत बसवून तिला सोडलं. असं अधूनमधून व्हायचं. तिचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर निघायचा, आणि हेच पुढे नडलं.

तर अशा या बाईकडे एके दिवशी मुलांच्या संस्थेची ताई आली. चष्मा लावलेली, मऊ बोलणारी, भट्टीच्या दारात पदर नाकाला लावून उभी राहिलेली. संस्था दूरच्या खेड्यांतल्या गरजू मुलांच्या शाळेची, औषधाची सोय करायची. एका मुलाचा खर्च एकाने उचलायचा. ताईने मुलांचे फोटो एका लाकडी पाटावर मांडले. कामगार वाकून बघू लागले. सगळी मुलं तेल लावून, केस विंचरून, शिकवल्यासारखी हसत होती. एकच मुलगी हसत नव्हती. आठ-नऊ वर्षांची असेल. दोन्ही मुठी आवळून, भुवया जुळवून ती फोटो काढणाऱ्याकडे अशी बघत होती, जणू त्याने तिचं काही चोरलं असावं.

"हिला कुणीतरी मारतंय," घणाई म्हणाली, "नाहीतर ही कुणाला तरी मारणार आहे. ही माझी."

"आई-वडील नाहीत हिला," ताई म्हणाली. "नातेवाइकांकडे असते. तुम्ही आता हिच्या पालक झालात. दत्तक नाही हं, पालक."

भट्टीवर हशा पिकला. "घणाई, मग पोरीच्या चपराका टपालाने पाठवणार का?" "मलमाची डबी आधी पाठव गं, म्हणजे क्रम तरी बदलेल!" घणाईने हसणाऱ्याच्या पाठीत एक धपका घातला आणि फोटो पोलक्यात ठेवला.

संस्थेचे नियम होते. मुलाचं गाव सांगायचं नाही, परस्पर भेटायला जायचं नाही. वर्षातून एकदा मुलाचा नवा फोटो यायचा, आणि वर्षातून एकदा पालकाने काहीतरी छोटंसं पाठवायचं. घणाईला बाजारातलं काही सुचेना. तिने एका जाड खिळ्याचं पान केलं. टोक चेपून पातळ केलं, छिन्नीने मधली शीर आणि बाजूच्या शिरा उमटवल्या, देठ वळवून त्याचं कडं केलं. अख्खा दिवस जो घण मारतो त्याचा हात इतक्या बारीक कामाला थरथरतो. तीन पानं बिघडली. चौथं जमलं. ते तिने गळ्यात घालायला दोऱ्यात ओवून पाठवलं.

पुढच्या फोटोत पोरीच्या गळ्यात पान होतं. मूठ एकच आवळलेली होती. घणाईने तो फोटो भट्टीतल्या सगळ्यांना दाखवला, कोळशाच्या गाडीवाल्याला दाखवला, समोरच्या चहावाल्याला तर दोनदा दाखवला. "माझी पोर," असं ती म्हणायची नाही. "माझ्याकडची पोर," म्हणायची. पण म्हणताना ती कंबरेवर हात ठेवायची, आणि तिला कंबरेवर हात ठेवताना त्याआधी कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतरच्या वर्षी फोटो न्यायला ती संस्थेच्या कचेरीत गेली. पोर उंच झाली होती. उन्हासाठी डोळ्यांवर डावा हात धरला होता, आणि त्यामुळे बाही खाली घसरली होती. कोपराखाली दोन रेघा होत्या. शेजारी शेजारी, एकमेकींना न भेटणाऱ्या.

घणाईने फोटो टेबलावर ठेवला. स्वतःची बाही वर केली. हात फोटोशेजारी ठेवला.

"हे काय आहे?" ताई म्हणाली, आणि मग चष्मा सावरून दोन्ही हातांकडे वाकली.

"ती कुणाकडे राहते?"

"बाई, तसं सांगता येत नाही. आम्ही चौकशी करू. आमचे लोक पुढच्या फेरीला जातील तेव्हा..."

"पुढची फेरी कधी?"

"पावसाळ्यानंतर."

घणाईने टेबलाची कड धरली आणि टेबल ताईसकट भिंतीपर्यंत सरकवलं. दौत पडली, खुर्ची कलंडली. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये ताई अडकली, आणि टेबल अजून थोडं थोडं पुढे येत होतं. "ताई, तुम्ही चांगल्या आहात," घणाई म्हणाली. "म्हणून विचारतेय. ती कुणाकडे राहते?"

"मामाकडे," ताई रडत म्हणाली. "घाटाखालच्या शेवटच्या गावात. तो चांगला माणूस आहे हो! लोहार आहे, गरीब आहे..."

"लोहार," घणाई म्हणाली. तिला पुढचं काही ऐकू आलं नाही. ज्याच्या घरी सांडशी असते तोच सांडशीने डागतो, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

घाटाखालच्या गावी ती दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. गाडी सोडून पुढे पायी जावं लागलं. बरोबर तिने काही घेतलं नव्हतं. भट्टी शोधायला विचारावं लागलं नाही, धूर दिसत होता. बाहेर एक गाडी बिनचाकाची उभी होती, तिचा गाडीवाला आणि आणखी दोघे-तिघे झाडाखाली बसले होते. भट्टीशेजारी चाकाची लोखंडी धाव विस्तवात घातलेली होती. ती लाल झाली की लाकडी चाकावर चढवायची, पाणी मारायचं, म्हणजे आवळून बसते.

भट्टीत एक उंच, वाळलेला माणूस वाकून विस्तव सारत होता. भात्यावर पोर. तीच. गळ्यात पान.

घणाई दारात थांबली. तेवढ्यात पोरीने भाता सोडला आणि ऐरणीपलीकडे पडलेल्या कशालातरी हात घातला. वाळलेला माणूस झेप घेऊन तिच्यावर गेला, दंडाला धरून तिला खसकन ओढलं, इतकं की ती भिंतीवर आदळली. तो ओरडला, "किती वेळा सांगायचं? हात तोडून टाकू का तुझा?"

यानंतर काय झालं ते घणाईला पुढे कधीही नीट क्रमाने आठवलं नाही. दंडांना आठवत होतं.

तिने त्याला मागून मानेला धरून उचललं आणि ऐरणीवर पालथं आपटलं. त्याचा ओठ फुटला. "कोण... कोण आहात तुम्ही?" तो म्हणाला. तिने त्याचा उजवा हात ओढून ऐरणीवर पसरला, कोपरावर गुडघा दिला. त्याची हाडं हलकी होती, पाखरासारखी. त्याने लाथा झाडल्या नाहीत, ताकदच नव्हती. "पोरीला डागतोस?" ती म्हणाली. "सांडशी धरायचा हात हाच ना?" शेजारी हातोडा पडला होता. तिने तो उचलला.

त्याचा डावा हात मोकळा होता. तो आंधळ्यासारखा चाचपडला, त्याला छोटी हातोडी सापडली. तिच्या डोक्यात घालता आली असती. त्याने ती डोक्यात घातली नाही. त्याने ती ऐरणीवर वाजवली.

टण्.

आयुष्यभर त्या आवाजाला तिचा हात थांबला होता. झोपेतही थांबला असता. हातोडा वर होता, आवाज कानात गेला, खांद्यापर्यंत गेला, आणि खांद्याने ऐकलं नाही.

हातोडा खाली आला. बोटांच्या मुळाशी आला, आणि या वेळी तो चुकला नाही.

माणूस ओरडला नाही, नुसता श्वास आत ओढत राहिला. ओरडली ती पोर. "मामा! मामा!" ती घणाईच्या मनगटाला दातांनी लटकली. घणाई हात झटकेना. "सोड बाळ," ती म्हणाली, "आता तो तुला काही करणार नाही." पोरीने दात आणखी आत रुतवले. रक्त कुणाचं होतं ते कळेना.

मग झाडाखालचे लोक आत आले. गाडीवाल्याने चाकाचा सुटा आरा उचलला आणि घणाईच्या पाठीवर घातला, मग खांद्यावर, मग पोटऱ्यांवर. ती खाली बसली. कुणीतरी लाथ घातली, ती बरगडीत बसली. तिने हात उचलला नाही. तिला वाटत होतं, यांना अजून माहीत नाही, कळलं की थांबतील. "तिचा हात बघा!" ती ओरडत होती. "डागलंय तिला! हात बघा!"

मागच्या दाराने मामी आली. बुटकी, रुंद, हात पिठाने माखलेले. तिने नवऱ्याचा हात पाहिला, फडक्यात गुंडाळला, आणि मग घणाईच्या कानाखाली अशी वाजवली, की भट्टीवरच्या कुठल्याही नव्या गड्याने तशी खाल्ली नसेल.

"काय बघू? हे बघू?" तिने पोरीला ओढून तिचा डावा हात सगळ्यांसमोर धरला. "विस्तवातली सांडशी काढून बाजूला ठेवली होती त्याने. काळी दिसली म्हणून ही बया तिच्यावर हात टेकून वाकली! काळी दिसली म्हणून! महिनाभर त्याने हिला मांडीवर घेऊन जखम धुतलीय. तेव्हापासून ही लोखंडाकडे गेली की त्याचा जीव उडतो, ओढतो, ओरडतो. आणि कशासाठी वाकली होती, विचार की! शहरातल्या कुठल्या पालकबाईने लोखंडाचं पान पाठवलं, तर हिला तिच्यासाठी पान करायचं होतं!"

घणाई जमिनीवरून तिच्याकडे बघत राहिली. "मीच ती," ती म्हणाली.

मामी आत गेली, फळीवरून काहीतरी घेऊन आली आणि तिने ते जोर लावून घणाईच्या तोंडावर फेकलं. वाकडं, जाडं, एका बाजूला फाटलेलं लोखंडी पान होतं. कड भुवईवर लागली आणि रक्त डोळ्यात उतरलं.

"घे," मामी म्हणाली. "तुझंच आहे."

पान मातीत पडलं. पोरीने ते उचललं. घणाईकडे बघत बघत तिने गळ्यातलं पानही तोडलं आणि दोन्ही पानं भंगाराच्या ढिगात भिरकावली. मग तिने एक धोंडा उचलला.

"टाक," घणाई म्हणाली.

पोरीने धोंडा टाकला नाही. हातात धरून उभी राहिली.

"पोलिसात द्या तिला," कुणीतरी म्हणालं.

"देऊ आणि मग?" मामी फिरली. "ती आत बसून फुकट जेवेल. इथे घण कोण मारणार, तू? अख्ख्या गावाची चाकं इथे बसतात. याचा हात मोडला, तर आमचं पोट तिने मोडलं. ती इथेच राहील. याचा हात चालेपर्यंत तिचा चालेल. पळाली तर मग पोलीस, आणि त्याआधी तुम्ही सगळे."

मामा भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेसारखा झाला होता. तो पहिल्यांदाच बोलला, आणि त्याने धावेकडे बघून सांगितलं, "गार होतेय."

ज्यांनी तिला मारलं होतं त्यांच्याबरोबर घणाईने ती धाव विस्तवातून उचलली. चौघांनी चार सांडशा लावल्या, चाकावर आणली, ठेवली. लाकडाने पेट घेतला. भुवईतलं रक्त पुसायला हात मोकळा नव्हता. गाडीवाला तिच्याशेजारी घण घेऊन उभा होता. मामाने डाव्या हाताने काठी टेकवून दाखवलं, इथे, इथे, आणि ती मारत गेली, मोडक्या बरगडीने. मग पाण्याच्या घागरी ओतल्या, वाफेने सगळे आंधळे झाले, आणि चाक कण्हत कण्हत आवळलं.

ती तिथे राहिली. भट्टीच्या पडवीत झोपायची, मामी दारात ताट सरकवायची, कुत्र्याला सरकवतात तसं. पहिले काही दिवस जाता-येता मामी तिला मारायची. पळीने, लाटण्याने, हाताला येईल त्याने, ठरवून नव्हे, आठवण आली की. घणाई पाठ पुढे करायची. गावातल्या बायका पाणी भरताना तिला बघून थुंकायच्या. एकदा मामीनेच एकीला सुनावलं, "तिच्यावर थुंकायचं तर मी आहे ना! तू कोण?" मग ते कमी झालं.

मामा डाव्या हाताने सांडशी धरायला शिकत होता. लोखंड निसटायचं, ठिणग्या उडायच्या, एकदा लाल तुकडा घणाईच्या पायावर पडला. "लागलं?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. दोघांचं बोलणं एवढंच. बाकी हातोडीचं. पण छोटी हातोडी मारायला त्याला दुसरा हात नव्हता, म्हणून ती पोरीच्या हातात आली. मामा मानेने सांगायचा, पोर हातोडीने जागा दाखवायची, घणाई घण घालायची. पोर तिच्याशी एक शब्द बोलायची नाही. तिच्याकडे बघायचीही नाही, फक्त लोखंडाकडे. रिकामा ठोका ती गरजेपेक्षा जास्त जोरात मारायची, आणि मारून घणाकडे बघायची, थांबला की नाही. तो थांबायचा. पोर तरी दर वेळी बघायची.

नेहमीचं वाक्य घणाईच्या तोंडून त्या भट्टीत एकदाही निघालं नाही. काळं लोखंड दिसलं की ती मुकाट्याने ते पायाने आड करायची.

पावसाळ्यानंतर संस्थेची ताई फेरीला आली. घणाईला पाहून ती दारातच थबकली, आणि टेबलाची आठवण होऊन एक पाऊल मागे सरली. मग तिने धीर करून सांगितलं, "तुमचं नाव आम्ही काढून टाकलंय. तुम्ही आता हिच्या कुणी नाही."

"बरोबर आहे," घणाई म्हणाली.

"मुलीसाठी दुसरे पालक मिळाले आहेत. चांगले लोक आहेत."

पोर भात्यावर होती. भाता एक झटका चुकला आणि पुन्हा चालू झाला.

मामाच्या हाताची हाडं जुळली, पण बोटं पूर्ण मिटायची नाहीत. सांडशी धरली तरी आवळता यायची नाही. घणाईने पडवीत बसून एक सांडशी केली. तिच्या दांड्यांवर एक सरकती कडी बसवली. लोखंड तोंडात धरायचं, कडी पुढे सारायची, म्हणजे दांडे आपोआप आवळून राहतात आणि बोटांना नुसता भार पेलावा लागतो. मामाने ती उजव्या हातात घेतली, कडी सारली, सोडली, पुन्हा सारली. मामी दारातून बघत होती.

"चालेल," मामा म्हणाला.

"मग जा आता," मामी म्हणाली. ती आत गेली आणि एका फडक्यात जेवण बांधून आणून तिने ते उंबऱ्यावर आपटलं. "वाटेत खा. इथे बसून नको."

निघताना घणाईची नजर भंगाराच्या ढिगाकडे गेली. इतके दिवस दोन्ही पानं तिथेच गंजत पडली होती, आणि तिने त्यांना हात लावला नव्हता. आज ती तिथे नव्हती. विस्तवात गेली की कुणी घेतली, ते तिने विचारलं नाही. फडकं काखेत मारून ती रस्त्याला लागली. बरगडी बरी झाली होती, पण चालताना ती अजून डावीकडे किंचित झुकायची.

पहिल्या दिवशी गाडीवाला ज्या झाडाखाली बसला होता तिथपर्यंत ती पोचली, तेवढ्यात मागून आवाज आला.

टण्.

लोखंडावरचा नव्हता. नुसत्या ऐरणीचा, मोठा, गरजेपेक्षा जास्त जोराचा.

घणाईचं उचललेलं पाऊल हवेतच थांबलं. अंगाला पीळ देऊन ती उभी राहिली. ऐरणीची गुणगुण संपेपर्यंत ती वळली नाही. मग वळली. भट्टीच्या दारातून ऐरण दिसत होती आणि ऐरणीमागे पोर, हातात छोटी हातोडी, भुवया जुळलेल्या, पहिल्या फोटोतल्यासारख्या. घण थांबला की नाही, तेवढं बघत होती.

थांबला होता.

दुसरा ठोका पडला नाही. घणाईने मान हलवली, आणि उतारावरून चालू लागली. मामा नव्या सांडशीची कडी मागेपुढे करत बसला होता, मामी पाठ करून पीठ मळत होती. घणाई वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली ती एकटी पोरच, आणि हातोडी तिने खाली ठेवली नव्हती.